उभ्या कुत्र्यातली धाव

डॉग शोच्या रिंगमध्ये परीक्षक कुत्र्याचं डोकं, डोळे, दात पाहून घेतो. मग त्याचा हात मानेवरून मागे सरकतो आणि मान संपून पाठ सुरू होते तिथं येऊन थांबतो. दोन बोटं केसांखाली काहीतरी चाचपत राहतात. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना वाटतं, कुत्र्याला थोपटतोय. तो दोन हाडांमधली फट शोधत असतो. डाव्या आणि उजव्या फऱ्याची हाडं तिरपी वर येतात आणि त्यांची टोकं मणक्याच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या अगदी जवळ येऊन थांबतात. मध्ये बोट फिरेल एवढी जागा लागते. कुत्र्यानं वास घ्यायला तोंड जमिनीशी नेलं की ही टोकं आणखी जवळ येतात. आधीच चिकटून असतील तर मान मोकळी खाली जात नाही. काही परीक्षक बोटं तिथंच ठेवून दुसऱ्या हातानं कुत्र्याचं डोकं हलकेच खाली वाकवतात आणि ती टोकं सरकताना अनुभवतात.

या जागेचं नाव विदर्स. कुत्र्याची उंची जमिनीपासून इथपर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोकं वरखाली होतं. आपल्याकडच्या कारवान जातीचा नर साधारण 68 ते 72 सेंटिमीटर उंच असतो म्हणतात, ते माप विदर्सपर्यंतचं. पण उंचीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती दोन टोकं ज्या हाडांची, ती हाडं धडाच्या सांगाड्याला कुठंच जोडलेली नाहीत.

माणसाचा हात गळ्याखालच्या आडव्या हाडानं छातीशी बांधलेला असतो. कुत्र्यात त्या हाडाचा जेमतेम एक अवशेष स्नायूंत रुतून राहिलाय, त्याचा आधार म्हणून काही उपयोग नाही. म्हणजे कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय शरीराला फक्त स्नायू आणि स्नायुबंधांनी लागलेले आहेत. छातीचा पिंजरा या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत लोंबकळतो. शरीरशास्त्रातही त्याला झोळीच म्हणतात. आणि कुत्र्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार याच पुढच्या पायांवर असतो. कुंपणावरून उडी मारून कुत्रा पुढच्या पायांवर उतरतो, तेव्हा हाडाला हाड आपटत नाही. अख्खा पिंजरा झोळीत खाली जातो, ताण घेतो आणि परत वर येतो.

हे एकदा कळलं की शोमधले शब्द वेगळे ऐकू येऊ लागतात. इंग्रजीत ज्याला कन्फॉर्मेशन म्हणतात तो आपला बांधा. रिंगमध्ये कुत्रे एकमेकांशी झुंजत नसतात. प्रत्येक कुत्रा त्याच्या जातीच्या लिखित वर्णनाशी, म्हणजे ब्रीड स्टँडर्डशी ताडून पाहिला जातो, आणि ते वर्णन अशाच शब्दांनी भरलेलं असतं: शोल्डर, स्टायफल, हॉक, पास्टर्न, टॉपलाईन, टक-अप. ऐकणाऱ्याला वाटतं, ही सौंदर्यस्पर्धेची भाषा आहे. मला त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द एकेका कामाचं नाव वाटतो. उभ्या कुत्र्याकडे बघून तो धावेल कसा, वळेल कसा, दिवसभर चालून संध्याकाळी लंगडेल की नाही, याचा अंदाज बांधता यावा म्हणून हे शब्द घडले.

पुन्हा खांद्याकडे येऊ. जाणकार म्हणतात, ‘शोल्डर चांगला लेड-बॅक आहे.’ म्हणजे फऱ्याचं हाड वरून खाली येताना सरळ उभं नाही, मागून पुढे तिरपं उतरतंय. त्याच्या खालच्या टोकाला दंडाचं हाड सुरू होतं आणि ते उलट दिशेनं, मागे कोपराकडे जातं. या दोन हाडांमधला कोन म्हणजे पुढच्या अंगाचं अँग्युलेशन. कोन पुरेसा असेल तर पाय पुढे लांब पडतो. त्याला रीच म्हणतात. दोन्ही हाडं उभट असली की कुत्रा तोकडी, खटाखट पावलं टाकतो, आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त पावलं लागतात. पाच मिनिटांच्या रिंगमध्ये त्यानं काही बिघडत नाही. दिवसभर मेंढरांमागे फिरताना बिघडतं.

हा तिरकेपणा किती असावा, यावर जुन्या पुस्तकांत एक आकडा ठाम बसला होता: 45 अंश. पिढ्यान् पिढ्या तो पाठ झाला. अमेरिकेत रेचल पेज एलियट नावाच्या गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्या बाई होत्या. कुत्र्यांच्या चालीचा त्यांना ध्यास होता. 1973 मध्ये त्यांचं ‘डॉगस्टेप्स’ हे पुस्तक आलं आणि त्यानंतर त्यांनी हार्वर्डमध्ये चालत्या कुत्र्यांची एक्स-रे फिल्म पाहिली. कातडी आणि केस बाजूला सारून हाडं प्रत्यक्ष हलताना दिसली, तेव्हा 45 अंश सापडेना. चांगल्या चालीच्या कुत्र्यांतही फरा त्याहून बराच उभा होता. ज्या आकड्यावर स्वतःही विश्वास ठेवला होता तो त्यांनी पुढच्या आवृत्तीत उघडपणे दुरुस्त केला. कुत्र्यांच्या जगात याला मोठं धैर्य लागतं.

पुढे जर्मनीत येना विद्यापीठात मार्टिन फिशर आणि कारिन लिल्ये यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. 32 जातींचे 327 कुत्रे, वेगवान एक्स-रे कॅमेरे, आणि 2011 मध्ये त्यावरचं पुस्तक. त्यांना दिसलं की पुढचा पाय ज्या बिंदूभोवती झुलतो तो बिंदू खांद्याच्या सांध्यात नाहीच. तो कितीतरी वर, फऱ्याच्या हाडाच्या वरच्या भागात आहे. म्हणजे परीक्षकाची बोटं जिथं थांबतात त्याच्या आसपास. कुत्रा पाऊल टाकतो तेव्हा पुढच्या अंगात सगळ्यात जास्त काम फरा करतो, तो सांगाड्याला जोडलेला नसल्यामुळेच त्याला ते जमतं. आणि दुसरी गोष्ट: डाक्सहुंडपासून ग्रेट डेनपर्यंत हालचालीचा मूळ नमुना थक्क करण्याइतका सारखा निघाला. एक जमिनीला घासत चाललाय, दुसरा टेबलाएवढा उंच, पण आत तीच यंत्रणा.

आता मागचं अंग. इथं वाचकानं जरा उठून उभं राहावं आणि टाचा उचलून चवड्यांवर तोल सांभाळावा. गुडघे किंचित वाकवावेत. कुत्रा जन्मभर असा उभा असतो. त्याच्या मागच्या पायाला मधोमध जो मागे वळलेला टोकदार कोपरा दिसतो, तो पुष्कळांना उलटा गुडघा वाटतो. ती त्याची टाच आहे. तिला हॉक म्हणतात. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेला, मांडीच्या कातडीत दडलेला असतो, तो स्टायफल. त्याच्यावर आपल्यासारखीच वाटीही असते.

टाच इतकी वर का? टाचेच्या हाडाचा मागे आलेला दांडा पोटरीच्या स्नायूंना तरफेसारखा मिळतो. स्नायू आकसला की दांडा ओढला जातो आणि पंजा जमिनीला मागे ढकलतो. या ढकलण्याला ड्राइव्ह म्हणतात. स्टायफल आणि हॉक इथले कोन चांगले असतील तर पाय वाकून दुमडतो आणि सुटल्यावर जोरात उघडतो. कोन अगदीच उघडे, पाय काठीसारखे असतील तर ताकद कमी पडते. कोन अतोनात असतील तर पाय मागे दूर जातो, सांधे डगमगतात आणि कुत्रा उभा असतानाही थकतो. म्हणून चांगला परीक्षक एकट्या मागच्या अंगाला कधी गुण देत नाही. मागून येणारा जोर पुढच्या फऱ्याला झेपेल का, हे तो पाहतो. याला बॅलन्स म्हणतात. मागे जोर खूप आणि पुढे पोहोच कमी, असा कुत्रा दुडक्या चालीत मागचे पाय पुढच्या पायांवर आदळू नयेत म्हणून अंग तिरकं करून चालतो, खेकड्यासारखा. त्या दोषाचं नावही क्रॅबिंगच.

पास्टर्न हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो. पुढच्या पायाचं मनगट आणि बोटं यांच्यामधला तो छोटा भाग. शोमध्ये त्यावर एखादं वाक्य बोलतात: ‘पास्टर्न किंचित तिरपा, लवचीक.’ पण शर्यतीतल्या ग्रेहाउंडचा पुढचा पंजा जमिनीवर टेकतानाचा एखादा थांबवलेला फोटो मिळाला तर जरूर पाहा. मनगट इतकं मागे वाकलेलं असतं की पायाचा तो भाग जवळजवळ आडवा झालेला दिसतो. मनगटामागे एक एकटी गादी असते, जमिनीपासून वर, उगाच लावल्यासारखी. चालताना ती कधी टेकत नाही आणि अनेक मालकांना तिचं प्रयोजनही माहीत नसतं. त्या फोटोत ती जमिनीला टेकलेली असते. शेजारचा अंगठा, ज्याला ड्यूक्लॉ म्हणतात, तोही वळताना माती धरतो. वीस-तीस किलोंचं अंग त्या वेगानं एका पायावर येतं आणि तो छोटासा पास्टर्न बराचसा धक्का पिऊन टाकतो. अगदी सरळ ताठ पास्टर्न दिसायला रुबाबदार असला तरी तो धक्का वर सांध्यांकडे पाठवतो. फार खचलेला असेल तर स्नायुबंध ताणले जातात. ‘किंचित तिरपा’ या दोन शब्दांत ही सगळी तडजोड आहे.

कारवान, ग्रेहाउंड, सलुकी, अफगाण ही सगळी नजरेनं शिकार करणारी कुत्री; त्यांना साइटहाउंड म्हणतात. यांच्या अंगावर टॉपलाईन आणि टक-अप हे शब्द सगळ्यात स्पष्ट वाचता येतात. टॉपलाईन म्हणजे मानेपासून शेपटीपर्यंतची वरची रेघ. खालची रेघ छातीपाशी कोपरापर्यंत खोल येते आणि पोटाशी एकदम वर चढते. हा चढ म्हणजे टक-अप. पाहुण्यांना वाटतं, कुत्रा उपाशी आहे. कारवानच्या मालकांना हे किती वेळा ऐकावं लागत असेल! छाती खोल, कारण तिथं हृदय आणि फुप्फुसं आहेत, आणि या कुत्र्यांत ती अंगाच्या मानानं मोठी असतात. पोट आत, कारण धावताना मागचे पाय पुढे येतात ते नेमके तिथूनच, पुढच्या पायांच्याही पलीकडे. पोट मोठं असतं तर मांड्या अडल्या असत्या.

या दोन्हींच्या मध्ये कंबर, म्हणजे लॉइन. शेवटची बरगडी आणि पुठ्ठ्याचं हाड यांच्यामधला हा भाग, जिथं मणक्याशिवाय एकही हाड नाही. साइटहाउंडची कंबर किंचित कमानदार आणि स्नायूंनी भरलेली असते. भरधाव सुटलेला घोडा एका झेपेत एकदा हवेत असतो: चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. साइटहाउंड एका झेपेत दोनदा हवेत असतो. एकदा पाय पोटाखाली आवळलेले आणि पाठ कमानीसारखी वाकलेली. दुसऱ्यांदा पाय पुढेमागे फेकलेले आणि पाठ ताणून सरळ. याला डबल सस्पेन्शन गॅलप म्हणतात. दोन्ही वेळा काम कंबरेचं. चार पायांनी धावणाऱ्या या जनावराला पाठीचा कणा पाचव्या पायासारखा मिळतो, आणि ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जातो तो त्याच्या जोरावर. रिंगमध्ये यातलं काहीच घडत नाही, तिथं भरधाव धावायला जागा नसते. म्हणून परीक्षक कंबरेवर हात ठेवून स्नायू दाबून बघतो.

डोक्याबद्दल स्टँडर्डमध्ये सगळ्यात जास्त लिहिलेलं असतं, कारण जातीची ओळख तिथं पटते. मला मात्र त्यातल्या दोनच गोष्टी खऱ्या अर्थानं भारावून टाकतात. पहिली स्टॉप. कपाळ आणि नाकाची दांडी यांच्यामध्ये जी पायरी असते ती. ग्रेहाउंडमध्ये ती जवळपास नसतेच, बॉक्सर किंवा पगमध्ये खोल असते. कवटी लांब की आखूड याचा परिणाम डोळ्याच्या आतपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर चेतापेशींची दाटी एका आडव्या पट्ट्यात पसरलेली असते, तर आखूड तोंडाच्या कुत्र्यांत ती एका ठिपक्याशी गोळा झालेली असते. म्हणजे कारवानसारखं लांबोडकं डोकं असलेल्या कुत्र्याला सगळं क्षितिज एकदम टिपता यावं, आणि पगला समोरचा चेहरा नीट दिसावा. डोक्याचा आकार निवडताना माणसानं नकळत नजरही निवडली.

दुसरी गोष्ट दातांची. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, वर 20 आणि खाली 22. समोरचे वरचे दात खालच्या दातांना लागून किंचित पुढे बसले तर तो सीझर बाईट, कात्रीच्या पात्यांसारखा. बहुतेक जातींत तोच मागतात. बॉक्सर आणि बुलडॉगमध्ये खालचा जबडा पुढे हवा असतो, तिथं त्याला दोष मानत नाहीत.

बाकी कान, शेपटी, पंजे, मान यांच्या नावांत जंगल आणि गोठा दोन्ही भरले आहेत. लॅब्रॅडॉरची शेपटी पाणमांजराची: बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती, पाण्यात सुकाणूसारखी चालणारी. फ्रेंच बुलडॉगचे कान वटवाघळाचे. पंजा मांजराचा म्हणजे गोल आणि आवळलेला, सशाचा म्हणजे मधली दोन बोटं लांब. मांजरी पंजा दमछाक टाळतो, सशाचा पंजा झेप देतो. दोषांनाही प्राण्यांचीच नावं: मागच्या टाचा गाईसारख्या एकमेकींकडे वळल्या तर काऊ हॉक, मान वरच्या बाजूनं मेंढीसारखी खोलगट असेल तर यू नेक, पुठ्ठा हंसासारखा उतरता असेल तर गूज रम्प, तोंड पाणलाव्याच्या चोचीसारखं बारीक आणि दुबळं असेल तर स्नायपी. हे शब्द ज्यांनी बनवले त्यांचं आयुष्य जनावरांत गेलं होतं. विदर्स, हॉक, स्टायफल, पास्टर्न हे तर थेट घोड्यांच्या तबेल्यातून आलेत.

चालीचं तसंच आहे, आणि इथं मराठीकडेही घोडेस्वारांनी ठेवलेलं जुनं धन आहे. रिंगमध्ये कुत्र्याला दुडक्या चालीनं पळवतात. त्या चालीत डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय एकदम पडतात, मग उलट. दोन्ही बाजूंवर सारखा भार येत असल्यामुळे एक पाय जरी कमी काम करत असला तरी लय बिघडते आणि डोळ्याला कळते. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडले तर ती रवाल, ज्याला पेसिंग म्हणतात; बहुतेक जातींत रिंगमध्ये ती चालत नाही. परीक्षक कुत्र्याला आधी आपल्यापासून दूर जाताना पाहतो, मग समोरून येताना, मग बाजूनं. दूर जाताना हॉक समांतर हलतात का? येताना कोपर बाहेर फेकलं जातं का? वेग वाढला की चारही पावलं हळूहळू अंगाखालच्या मधल्या रेषेकडे यायला लागतात. तोल राखण्याचा तो सोपा मार्ग आहे आणि निरोगी कुत्रा तो आपोआप शोधतो. याला सिंगल ट्रॅकिंग म्हणतात. ओल्या वाळूवर दुडकत गेलेल्या कुत्र्याच्या पाऊलखुणा पाहिल्या की ही रेष दिसते.

हे सगळं लिहून ठेवण्याची गरज कशी निर्माण झाली? जून 1859 मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल अपॉन टाईन इथं पहिला नियोजनबद्ध डॉग शो भरला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, शिकारीतले कुत्रे, आणि बक्षीस म्हणून बंदुका. रानात कुत्र्याचं काम डोळ्यांसमोर दिसायचं. शोमध्ये कुत्रा नुसताच उभा, आणि पुढचे शो भरत गेले तशी परीक्षकागणिक आवड बदलायला लागली. त्यावर उपाय शोधणाऱ्यांत जॉन हेन्री वॉल्श हे मोठं नाव. शिक्षणानं ते शल्यचिकित्सक, नंतर ‘द फील्ड’ या नियतकालिकाचे संपादक, आणि ‘स्टोनहेंज’ या टोपणनावानं लिहिणारे. 1867 च्या त्यांच्या ‘द डॉग्ज ऑफ द ब्रिटिश आयलंड्स’ या पुस्तकात प्रत्येक जातीच्या अवयवांना शंभरपैकी गुण वाटून दिले होते: डोक्याला इतके, खांद्याला इतके, पायांना इतके. 1873 मध्ये लंडनला केनल क्लब स्थापन झाला. अवयवांना गुण वाटण्याचं काम शल्यचिकित्सकाच्या हातून घडलं याचं मला नवल वाटत नाही. उभ्या शरीराकडे बघून आतलं काम ओळखायची ती सवय आहे.

आणि इथूनच एक धोकाही सुरू झाला. स्टँडर्डमधल्या बऱ्याच शब्दांना माप नाही. ‘आखूड’ लिहिलंय, किती ते लिहिलेलं नाही. प्रत्येक पिढीनं शब्द थोडा पुढे ताणला. आखूड तोंड आणखी आखूड झालं, रुंद छाती आणखी रुंद. बुलडॉगच्या मादीची पिल्लं आज बहुतेक वेळा सिझेरियन करूनच बाहेर काढावी लागतात. नाकपुड्या अरुंद, टाळू श्वासनलिकेपाशी लोंबतेय, उन्हाळ्यात चार पावलं चालून तो धापा टाकतो. जर्मन शेफर्ड हा मुळात दिवसभर दुडकत मेंढरांभोवती फिरणारा कुत्रा. त्याच्या काही शो घराण्यांत मागचे कोन इतके वाढवत नेले की पाठ घसरगुंडीसारखी उतरायला लागली. 2008 मध्ये बीबीसीनं यावर एक माहितीपट दाखवला आणि ब्रिटनमध्ये मोठी खळबळ माजली. केनल क्लबला अनेक स्टँडर्ड बदलावी लागली. 2012 मध्ये तिथल्या क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये 15 जातींतल्या सर्वोत्कृष्ट ठरलेल्या कुत्र्यांची स्वतंत्र पशुवैद्यांकडून तपासणी झाली आणि सहा जातींचे विजेते तिथंच बाद ठरले. त्यात बुलडॉग होता, पेकिनीज होता. मला तो दिवस फार महत्त्वाचा वाटतो. ज्या शब्दांनी काम सांगायला सुरुवात केली होती त्यांना पुन्हा कामाची आठवण करून देणारा माणूस रिंगच्या दाराशी उभा राहिला.

आपल्याकडच्या कारवानची गोष्ट याच्या उलट दिशेनं आलेली आहे. दख्खनच्या पठारावर, सोलापूर, सांगली, लातूरपासून खाली विजापूर, बागलकोटपर्यंत, धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी हा कुत्रा पिढ्यान् पिढ्या सांभाळला. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे मराठ्यांच्या घोरपडे घराण्याचं संस्थान होतं. तिथल्या राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं, म्हणून ‘मुधोळ हाउंड’. 2005 मध्ये टपाल खात्यानं या कुत्र्यांचं तिकीट काढलं, पुढे लष्करानं मेरठला त्यांना प्रशिक्षण दिलं. कान, शेपटी आणि पायांवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला आपल्याकडे पश्मी म्हणतात. माळावर कारवानची पैदास करणाऱ्यांनी कधी स्टँडर्ड वाचलं नव्हतं. ज्याला माळरानावर ससा पकडता यायचा, उन्हात उभं राहता यायचं, तोच पुढच्या पिढीचा बाप व्हायचा. खोल छाती, वर चढलेलं पोट, लांब पास्टर्न हे सगळं माळानं निवडलं.

तो माळ आता निवड करू शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार बंद केली आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे कारवानचा पुढचा बाप कोण, हे ठरवायला उरतात ते माणसाचे डोळे, परीक्षकाची बोटं आणि कागदावरचे शब्द. शोमध्ये कुणाला ‘आणखी उंच’ आवडेल, कुणाला ‘आणखी बारीक’. पाच-सहा पिढ्यांत कुत्रा बदलायला तेवढं पुरतं. त्यामुळे हे शब्द समजणारे लोक रिंगच्या बाहेरही पुष्कळ असायला हवेत: खेड्यात पिल्लू निवडणारा, शहरात विकत घेणारा, तिकीट काढून नुसता बघायला आलेला.

पुण्या-मुंबईत डॉग शो थंडीच्या दिवसांत भरतात. गेलात तर साइटहाउंड रिंगमध्ये येतील तेव्हा बाजूच्या खुर्च्या सोडा आणि कुत्रे परीक्षकाकडे सरळ येतात त्या रेषेच्या टोकाशी, दोरीबाहेर जागा धरा. कुत्रा उभा असेपर्यंत विदर्स, कोपर आणि हॉक कुठं आहेत ते नजरेनं शोधून ठेवा. मग तो दुडकत तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका. फक्त पुढच्या दोन कोपरांकडे बघा: ती अंगाला लागून पुढे-मागे जातायत का, आणि पावलं एका रेषेकडे येतायत का.